अपुऱ्या दिवसांचे मूल आणि आईची बोली

३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या अर्भकाचा श्वास, वजन आणि जंतुसंसर्ग यांची चिंता प्रथम वाहिली जावी, हे स्वाभाविकच होय. परंतु त्याच्या भाषेचा विचार ते बोलू लागण्याच्या वयापर्यंत लांबणीवर टाकला जातो, हे मात्र शास्त्राला धरून नाही.

गर्भ साधारणतः २५व्या-२६व्या आठवड्यापासून ध्वनीला प्रतिसाद देऊ लागतो. आईच्या बोलण्यातील शब्द नव्हे, तरी त्याची लय व चढउतार त्याच्यापर्यंत पोचतात. नवजात बालक आईचा आवाज ओळखते आणि तोच पसंत करते, हे डीकॅस्पर व फायफर यांनी १९८० मध्ये दाखवून दिले. अकाली जन्मलेल्या मुलाचा हा श्रवणाभ्यास अर्ध्यावरच तुटतो. मग त्याच्या कानी येते ती काचपेटीची घरघर आणि यंत्रांच्या घंटा. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९७ मध्ये अशा कक्षांतील आवाजासाठी ४५ डेसिबलची मर्यादा सुचविली, ती योग्यच. तथापि नुसती शांतता ही बोलण्याची जागा घेऊ शकत नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, कक्षात असताना मोठ्यांचे बोलणे अधिक ऐकलेल्या अर्भकांना अठराव्या महिन्यातील भाषाचाचणीत अधिक गुण मिळाल्याचे आढळले. एवढ्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नसला, तरी दिशा स्पष्ट होते.

आईला आत घेतल्यास संसर्ग वाढेल, असा आक्षेप घेतला जातो. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय ज्यात सहभागी होते, त्या पाच देशांतील प्रयोगाने २०२१ मध्ये त्याला उत्तर दिले आहे. जन्मानंतर लगेच आईच्या उराशी धरलेल्या कमी वजनाच्या बालकांमध्ये पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १२ टक्के होते. रूढ पद्धतीने सांभाळलेल्यांत ते १५.७ टक्के. तेव्हा माता ही भेटीच्या वेळेपुरती पाहुणी नसून उपचाराचा भाग आहे.

मात्र ती तेथे कोणत्या भाषेत बोलणार? महानगरातील रुग्णालयात आलेली मैथिली, संताळी वा अहिराणी बोलणारी स्त्री परिचारिकेसमोर संकोचते आणि गप्प राहते. आपली बोली येथे शोभत नाही, असे तिला वाटते. वास्तविक गर्भात असताना मुलाच्या कानी पडली ती हीच बोली. ‘तुमच्या घरच्याच भाषेत बाळाशी बोला,’ हे वाक्य औषधाच्या मात्रेइतक्याच गांभीर्याने तिला सांगितले गेले पाहिजे. त्यासाठी यंत्र लागत नाही, अनुदानही लागत नाही. दार उघडे असावे लागते.