तंबोऱ्याचे लाकूड

तंबोरा करवून घ्यावयाचा आहे, तर लाकूड कोणते सांगावे, असा प्रश्न गेल्या वर्षभरात आम्हांस तीन निरनिराळ्या घरांतून विचारण्यात आला. तिन्ही घरे इंदूरची, तिन्ही घरांत गाणे शिकणारी मुलगी, आणि तिन्ही घरांची दृष्टी मिरजेकडे. पैकी एका घरच्या वडीलधाऱ्यांनी तर प्रश्नाआधीच उत्तर ठरवून ठेवले होते : सागवान! बैतूल-हरद्याच्या जंगलांच्या शेजारी राहणाऱ्या माणसास सागवानापलीकडे लाकूड दिसू नये, यात नवल नाही. आमच्या माळव्यातील जुन्या घरांत दारे सागाची, पलंग सागाचा, देव्हाराही सागाचा. मग तंबोऱ्यानेच काय घोडे मारले आहे?

या गावास तंबोऱ्याचे महत्त्व सांगावयास नको. होळकरांच्या इंदुरात बंदे अली खाँसाहेबांची बीन वाजली; अमीर खाँसाहेबांची घडण याच शहरात झाली; आणि शेजारच्या देवासला १९४८ पासून १९९२ पर्यंत कुमार गंधर्वांचे घर म्हणजे दोन तंबोरे सुरांत कसे मिळवावेत याची शाळाच होती. परंतु ऐकणे निराळे आणि घडविणे निराळे. आपण मराठी मंडळी तंबोऱ्याच्या झंकाराविषयी तासभर बोलू. तो कशातून निघतो हे विचारले की भोपळ्याशी येऊन थांबू.

तेथूनच आरंभ करू. मिरजेच्या तंबोऱ्याचा पोटाकडील मोठा भाग लाकडाचा नसतोच. तो कडू भोपळा. सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याच्या बाजूस हे भोपळे पिकतात, वाळविले जातात आणि मिरजेस येतात. कारागीर तो कापून भिजवितो, आतले बी काढतो, तोंड फाकून राहावे म्हणून आत काठ्या बसवितो आणि पुन्हा वाळवितो. लाकूड लागते ते दांडीला, दांडी व भोपळा जोडणाऱ्या गळ्याला, आणि भोपळ्याच्या उघड्या तोंडावर बसणाऱ्या तबलीला. खुंट्या व घोडी यांचे लाकूड पुन्हा वेगळे. म्हणजे ‘लाकूड कोणते’ हा एक प्रश्न नसून तीन-चार प्रश्न आहेत, आणि त्यांपैकी ज्यावर आवाज अवलंबून आहे तो प्रश्न तबलीचा.

तार वाजते ती घोडीवर. घोडी उभी तबलीवर. तारेचे कंपन तबलीने उचलले तर ते भोपळ्यातील हवेपर्यंत पोहोचणार. तबली जड असेल तर ती हलण्यास आळस करील, आणि तंबोरा ‘बोलत नाही’ अशी तक्रार जन्मभर राहील. ती फार पातळ वा फार मऊ असेल, तर तारांच्या सततच्या दाबाखाली घोडीच्या जागी खचेल. मग कितीही वेळा जवारी काढा, ती टिकावयाची नाही. म्हणून तबलीला हलके पण चिवट लाकूड हवे. मिरजेच्या कारागिरांनी त्यासाठी तून हे झाड निवडले, आणि ते कर्नाटकाच्या जंगलांतून येते. तून कडुनिंबाच्या कुळातला. लाकूड तांबूस, किंचित सुवासिक, सरळ रेषेचे. फुलांपासून पूर्वी पिवळा रंग काढीत. सारख्या मापाचे तीन ठोकळे घेतले आणि तुनाचा पाच किलोंचा भरला, तर सागाचा साधारण साडेसहा आणि शिसवीचा आठच्या आसपास भरेल. तबली तुनाची का, याचे अर्धे उत्तर या तराजूतच आहे. शिसवीचे स्थान खुंट्यांत. तेथे कठीणपणा हवा, ताण धरून ठेवणारा.

आता सागवानाची बाजूही ऐकली पाहिजे. ज्या वडीलधाऱ्यांचा उल्लेख वर केला, त्यांचा हट्ट केवळ माळवी नव्हता. त्यांचा पिढीजात वाडा नुकताच उतरविला गेला. भावाभावांत वाटण्या झाल्या, जागेवर आता सदनिका उभ्या राहतील. आणि त्यांच्या वाट्यास आल्या त्या माजघरावरच्या दोन तुळया. ज्या माजघरात आजी ओव्या म्हणे, तेथील लाकूड नातीच्या मांडीवर गावे, ही त्यांची इच्छा. अशा इच्छेस केवळ वजनाचे आकडे दाखवून नकार देणे आम्हांस जड गेले. शिवाय त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. शंभर वर्षे छपराखाली राहिलेले लाकूड पुरते वाळलेले असते. त्यास जे आकसावयाचे, वाकावयाचे ते केव्हाच होऊन गेलेले असते. नव्या कापलेल्या, अर्धवट ओल्या तुनापेक्षा अशी तुळई कितीतरी विश्वासू.

आणि येथेच आमच्या मते खरी गोष्ट आहे. लाकडाच्या नावापेक्षा त्याचा वाळलेपणा अधिक मोलाचा. लाकूड रेषेच्या लांबीत फारसे आकसत नाही, रुंदीत मात्र आकसते. मिरजेहून निघालेला तंबोरा इंदुरात येतो, मे महिन्यात चाळीस अंशांच्या वर जाणारा कोरडा उन्हाळा सोसतो, आणि महिन्याभरात पावसाळी दमट हवेत सापडतो. लाकूड ओले असताना जोडलेला गळा पहिल्याच उन्हाळ्यात सांधा सोडतो, तबलीस रेषेबरोबर चीर जाते. गावातल्या गावात वाद्य घेणाऱ्यास कारागिराचे दार जवळ असते; तुम्हांआम्हांस, बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील मराठी घरांस, ती सोय नाही. तेव्हा ‘तून की साग’ हे विचारण्याआधी ‘हे लाकूड कापून किती वर्षे झाली’ हे विचारावे. जो कारागीर या प्रश्नाने सुखावतो, त्याच्याकडे वाद्य सांगावे.

तुळयांचा निकाल असा लागला, की तबली आणि गळा तुनाचाच. सागाची दांडी करावी की नाही हे कारागिराने तुळई कापून, आतली रेषा व खिळ्यांची भोके पाहून ठरवावे. सागाच्या अंगी तेल असते, त्यामुळे सरस नीट धरत नाही, ही अडचण त्याने स्वतःच बोलून दाखविली. उरलेल्या लाकडाची तंबोऱ्यासाठी पेटी होईल. पेटी जड होईल खरी, पण वाळवी तिला शिवणार नाही.

हाताशी असलेल्या लाकडातून वाद्य घडविण्याची रीत सर्वत्र आहे. मिरजेचे आद्य कारागीर फरीदसाहेब सितारमेकर हे शिकलगार घराण्यातले. शस्त्रांची मागणी ओसरल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, शस्त्रांवरचा हात तारांच्या वाद्यांकडे वळला. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली, ती या परंपरेस. तंजावरास, जेथे आपल्याच भोसल्यांनी पावणेदोनशे वर्षे राज्य केले, वीणा फणसाच्या लाकडाची. तेथील तंबोऱ्याचे पोटही भोपळ्याचे नसून लाकडाचे. तिकडे लाकूड हाच बहुतेक सारा आवाज. आणि हल्लीची मुले ज्या चिमुकल्या चौतारी युकुलेलीच्या प्रेमात आहेत, तिचीही कथा अशीच. १८७९ साली मदैरा बेटावरून हवाईस गेलेल्या पोर्तुगीज सुतारांनी आपल्या गावचे वाद्य तेथील कोआ या झाडाच्या लाकडातून घडविले. कोआ हा आमच्या बाभळीचा दूरचा नातलग, आणि त्या बेटांबाहेर तो आपोआप उगवत नाही. आज कोआ महाग झाला म्हणून लोक हळहळतात. उद्या तुनाविषयी तीच वेळ येऊ नये.

परदेशी राहणाऱ्या मुलीसाठी वाद्य करविणारांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. जुन्या तंबोऱ्यांवर हस्तिदंताची नक्षी व घोडी असे. त्याचा व्यापार आता कायद्याने पूर्ण बंद आहे. आजोबांचा तसला तंबोरा विमानाने नेण्याचे साहस करू नये. शिसवीच्या जातीवर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय निर्बंध आले होते, परंतु २०१९ पासून तयार वाद्यांस त्यांतून सूट आहे. नव्या वाद्यावर नक्षी प्लास्टिकची असते. ती आम्हांस आवडत नाही. पण नक्षीने आवाज फिरत नाही, आणि नक्षी कमी करून वाचलेले पैसे चांगल्या तबलीस लावता येतात.

मागणी कळविताना लाकडाच्याही आधी मुलीचा स्वर लिहावा. काळी चार, पांढरी पाच, जो असेल तो. भोपळ्याचा घेर आणि दांडीची लांबी त्यावरून ठरते. मोठा मर्दानी तंबोरा ओढून ताणून काळी पाचला नेला तर तारा तुटतील, तबलीवर नको तेवढा भार येईल. बारा वर्षांच्या मुलीचा स्वर अजून स्थिरावयाचा असेल, तर दोन वर्षे विजेवरच्या तंबोऱ्यावर काढावीत. त्यात कमीपणा नाही. शक्य तर मुलीस घेऊन मिरजेस जावे, तेथे तयार असलेले दोन-तीन तंबोरे तिला छेडू द्यावेत. तबली बाजूने डोळ्यांच्या रेषेत धरून पाहावी : ती घोडीच्या जागी किंचित फुगीर दिसली पाहिजे, सपाट नव्हे.

आणि दिवाळीनंतर न्यावा. तारा सैल करून, घोडी काढून, भोपळ्याभोवती जुन्या गोधड्या गुंडाळून. घरी आल्यावर आठ दिवस तसाच ठेवावा, मग रोज थोडा थोडा स्वर चढवावा. पहिल्या उन्हाळ्यात कूलरच्या झोतापासून दूर, आतल्या भिंतीशी.