दोष पाखरांचा नव्हे

जबलपूरच्या डुमना विमानतळावर ४ डिसेंबर २०१५ रोजी उतरणारे एक प्रवासी विमान रानडुकरांच्या कळपावर आदळले आणि धावपट्टीबाहेर घसरत गेले. प्रवासी वाचले, ही दैवाची कृपा. त्याच्या आदल्याच वर्षी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, सुरतेत उड्डाणाच्या बेतात असलेल्या विमानापुढे म्हैस आली होती. अशा वार्ता चार दिवस चवीने वाचल्या जातात आणि पाचव्या दिवशी विसरल्या जातात.

ही तर मोठी विमाने होती. बारामती किंवा गोंदियाजवळील बिरसी येथे तरुण मुले ज्या लहान विमानांवर वैमानिकाचे पहिले धडे गिरवतात, त्यांची अवस्था याहून नाजूक असते. मोठ्या प्रवासी विमानाची समोरची काच चार पौंडांच्या पक्ष्याचा आघात सोसणारी असावी, अशी कसोटी अमेरिकेच्या नियमांत आहे. शिकाऊ वैमानिकाच्या लहान विमानाला ती लागू नाही. त्यातून बहुधा इंजिन एकच, उंची थोडी आणि हात नवखा. सावरण्यास अवधी तो कितीसा मिळणार?

पण म्हणून पाखरांना वैरी ठरवणे हा न्याय नव्हे. गावाचा उकिरडा आणि उघड्यावर फेकलेले मांसाचे अवशेष घारींना व भटक्या कुत्र्यांना आमंत्रण देतात. पावसाळ्यात गवत माजले की त्यात किडे होतात, किड्यांमागे बगळे येतात. पडक्या कुंपणातून गुरे शिरतात. फटाके वाजवून उडवलेले पाखरू, खाद्य जागच्या जागी असेल तर, घटकाभराने परत येणारच. उपाय करायचा तो मुळाशी केला पाहिजे.

कायद्याची वाण आहे असेही नाही. विमानतळापासून दहा किलोमीटरांच्या परिघात पशुपक्ष्यांना आकर्षित करणारी घाण टाकण्यास आणि जनावरे कापण्या-सोलण्यास १९३७ च्या विमान नियमावलीतील ९१ व्या नियमाने मनाई केली. परंतु नियम दिल्लीत होतो आणि कचरा गावात पडतो! धावपट्टीची देखभाल एकाकडे, उकिरडा ग्रामपंचायतीकडे, खाटिकखाना नगरपालिकेकडे. अशा वाटणीत जबाबदारी मात्र कोणाच्याच वाट्याला येत नाही.

तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी या सर्वांना एकत्र बसवून कुंपण, गवत आणि कचरा या तीन गोष्टींची जबाबदारी नावानिशी ठरवून द्यावी. जेथे गुरांचा माळच धावपट्टीखाली गेला असेल, तेथे गुराख्याला दंड करण्यापूर्वी पर्यायी कुरण द्यावे. नाहीतर कुंपण पुन्हा पुन्हा मोडणारच. हा खर्च एका विमानाच्या किमतीपुढे क्षुल्लक आहे, आणि एका तरुण जिवापुढे तर त्याचा हिशेब करणेही अशोभनीय ठरेल.

पाखराला धावपट्टी आणि माळरान यांतला भेद कळत नाही. तो आपल्याला कळतो, म्हणून दायित्वही आपलेच आहे.