वाटा पंथाचा, मलिदा पुढाऱ्यांचा



दुभंगलेल्या समाजात सत्तावाटपाला पर्याय नाही, असे सांगणाऱ्या आपल्या रविवारच्या लेखात बेल्जियम आणि स्वित्झर्लंडचे दाखले होते. लेबनॉन मात्र सोयीस्करपणे गळाला.

तिथे 1943 पासून अध्यक्ष मॅरोनाइट ख्रिश्चन, पंतप्रधान सुन्नी आणि सभापती शिया, असा शिरस्ता आहे. 1989च्या ताइफ कराराने संसदेच्या जागा ख्रिश्चन आणि मुस्लिमांत निम्म्या-निम्म्या वाटल्या. त्याने तिथली यादवी थांबायला मदत झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण 1991च्या माफी कायद्याने सशस्त्र टोळ्यांचे म्होरके सहीसलामत सुटले आणि मंत्री म्हणून मिरवू लागले. त्यांपैकीच एक, ‘अमल’ या शिया संघटनेचे प्रमुख नबीह बेरी 1992 पासून सभापती आहेत!

ऑगस्ट 2020 मध्ये बैरूत बंदरात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. दोनशेहून अधिक माणसे गेली. तपास करणाऱ्या न्यायाधीशांनी काळजीवाहू पंतप्रधान हसन दियाब आणि तीन माजी मंत्र्यांवर निष्काळजीपणाचा आरोप ठेवला. त्याबरोबर दियाबांशी एरवी न पटणारे सुन्नी नेते साद हरीरी त्यांच्या भेटीला धावले, सुन्नींचे मुफ्तीही पाठीशी उभे राहिले. सूर असा, की पंतप्रधानपदावर हल्ला, म्हणजे आमच्यावर हल्ला! दोन माजी मंत्र्यांनी न्यायाधीशांविरुद्धच अर्ज केला आणि फेब्रुवारी 2021 मध्ये तपास त्यांच्याकडून काढून घेण्यात आला.

सत्तावाटपाच्या पद्धतीचे भाष्यकार आरेंड लाइपहार्ट यांची सारी भिस्त नेत्यांच्या परस्पर सहकार्यावर आहे. बैरूतमध्ये सहकार्य आहेच की, एकमेकांना वाचवण्यापुरते! पंथनिहाय वाटप संपवण्यासाठी राष्ट्रीय समिती नेमावी, असे लेबनॉनच्या घटनेचे कलम 95 सांगते. ती संसदेने नेमायची आणि तिच्यात अध्यक्ष, पंतप्रधान, सभापती हेही बसायचे. ज्यांची राखीव खुर्ची जायची, ते कशाला घाई करतील? समिती कागदावरच राहिली.

सत्तावाटपाला माझा विरोध नाही. खुर्ची जन्माला बांधण्याला आहे. उत्तर आयर्लंडमध्ये 1998च्या कराराने प्रथम मंत्रिपद कोणत्याही एका समाजाच्या नावावर करून दिले नाही. म्हणूनच ब्रिटनशी जोडलेले राहू पाहणाऱ्या युनियनिस्टांकडे कायम राहिलेले ते पद 2024 मध्ये आयरिश राष्ट्रवादी पक्षाच्या मिशेल ओनील यांच्याकडे मतपेटीतून येऊ शकले. लेबनॉनमध्ये सुन्नी किंवा शिया माणसाला अध्यक्ष होता येत नाही आणि ख्रिश्चनाला पंतप्रधान. लेखकाने या दोन प्रकारच्या वाटपांना एकाच मापाने मोजू नये.

– एक वाचक, सांगली