वकिलीला गेलेला मुलगा वाया जात नाही

सभासद बंधु-भगिनींनो,

लागणीच्या नोंदी घेत फिरताना एका बांधावर जुने सभासद भेटले. उसाचे बोलणे झाल्यावर म्हणाले, "साहेब, थोरला शेती बघतो. धाकटा वकिलीला गेला, तेवढा वाया गेला बघा." मी हसलो, पण विषय डोक्यातून गेला नाही.

माझे शिक्षण कृषी पदविकेचे. मी बेणे-खतावर बोलावे, कायद्यावर नाही, असे कोणी म्हणेल. पण न वाचता सही करण्याचा फटका मी खाल्ला आहे. एका ओळखीच्याला जामीन राहिलो आणि त्याचे हप्ते माझ्या पगारातून गेले.

आपल्या भागातले ठळक उदाहरण यशवंतराव चव्हाणांचे. जन्म १९१३, देवराष्ट्रे. वडील लहानपणीच गेले. १९४१ साली कायद्याची पदवी घेऊन त्यांनी कराडला वकिली मांडली. बेचाळीसच्या चळवळीने ती मोडली. १९४६ साली विधानसभेवर निवडून येऊन ते संसदीय सचिव झाले, १९५६ साली मुंबई राज्याचे आणि १९६० साली महाराष्ट्राचे मुख्यमंत्री. त्यांच्याच कारकिर्दीत जिल्हा परिषदांचा कायदा झाला आणि आपला सहकारी संस्था कायदाही. तो २६ जानेवारी १९६२ पासून अमलात आला. त्याच्या कलम २७ प्रमाणे एका सभासदाला एकच मत. अर्ध्या एकराचा आणि चाळीस एकरांचा मतपेटीपुढे सारखाच!

कायदा एकटा माणूस करीत नाही हे खरे. खाते मसुदा करते, विधिमंडळात चर्चा होते, दुरुस्त्या येतात. पण कोणत्या शब्दाने कुळंबी माणूस तरेल आणि कोणत्या शब्दाने बुडेल, हे ओळखणारा तिथे कोणीतरी लागतो. कोर्टातला वकील एका अशिलाचे भांडतो, तिथला वकील न पाहिलेल्या हजारोंचे.

आता आपलेच बघा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत किमान दराचे पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर सालीना १५ टक्के व्याज. पण त्यात एक मेख आहे. लेखी करार वेगळा असेल तर ही मुदत बदलते. म्हणजे नोंदीच्या वेळी तुम्ही कशावर सही करता, यावर सगळे आले. आणि आपण काय करतो? चिटबॉय बोट ठेवील तिथे सही!

कारखान्याच्या नोकराने हे सांगावे का? सांगावे. कारखाना तुमचाच आहे.

तेव्हा वार्षिक सभेची विषयपत्रिका आली की घरात कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. पोटनियमाची दुरुस्ती असेल तर "मंजूर, मंजूर" म्हणण्याआधी जुना आणि नवा शब्द विचारा.

आणि दादा, त्या धाकट्याला सुट्टीत आला की पोटनियमांचे पुस्तक हातात द्या. वाया गेला की कामाला आला, ते मग ठरवू.

आपला,
ऊस विकास अधिकारी