जवाहीर आणि रत्न

मराठीत आलेले अरबी-फारसी शब्द परके आहेत, ते टाकून दिल्याशिवाय भाषा शुद्ध होणार नाही, असे म्हणणारे लोक पूर्वी होते व आजही आहेत. त्यांचा भाषाभिमान खोटा नाही. तथापि एखाद्या शब्दाला घराबाहेर काढण्यापूर्वी तो कोठून आला आणि या घरात कोणते काम करतो, एवढे तरी विचारणे न्यायाचे होईल. मौल्यवान खड्यांसाठी मराठीत रूढ असलेले 'रत्न' आणि 'जवाहीर' हे दोन शब्द या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. अहमदनगर जिल्ह्याच्या, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या, इतिहासात दोघांचीही गाठ पडते.

'रत्न' हा त्यांतील वडीलधारा. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत तो आढळतो. पण तेथे त्याचा अर्थ चकाकणारा खडा असा नसून दान किंवा धन असा आहे. पुढे धनांतील उत्तम धन ते रत्न ठरले, आणि मग कोणत्याही प्रकारातील सर्वोत्तम वस्तूला रत्न म्हणू लागले. प्रवरेच्या काठी नेवासे येथे १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला, तेव्हा हा शब्द मराठीत पुरता रुळला होता. ज्ञानेश्वरीच्या दृष्टान्तांत रत्न, परिस आणि चिंतामणी वारंवार भेटतात.

त्यानंतर दोनशे वर्षांनी, १४९० मध्ये, मलिक अहमदाने निजामशाहीचा पाया घातला आणि पुढे सीना नदीजवळ अहमदनगर वसविले. दरबाराची भाषा फारसी होती. दख्खनच्या अशा दरबारांतून 'जवाहीर' हा शब्द मराठीत उतरला. त्याचा प्रवास मोठा गमतीचा आहे. इराणी लोकांचा मूळ शब्द 'गौहर'. त्याचा अर्थ रत्न, तसाच वस्तूचे सत्त्व, तिचा मूळ गुण. अभिजात अरबीत 'ग' हा उच्चार नाही. म्हणून अरबांनी त्याचे 'जौहर' केले. बगदादच्या विद्वानांनी ग्रीक तत्त्वज्ञान अरबीत आणले, तेव्हा 'वस्तूचे मूलतत्त्व' सांगण्यासाठी त्यांना हाच शब्द उपयोगी पडला. 'जौहर'चे अरबी अनेकवचन 'जवाहिर'. ते फारसीत शिरले. मुलाने परदेशी जाऊन वेष पालटून घरी यावे, तसाच हा प्रकार झाला! पुढे हा शब्द हिंदुस्थानात आला. रत्नांची पारख करणारा तो जौहरी, आणि त्याचाच झाला झवेरी.

अरबी व्याकरण शिकलेला मराठी माणूस विरळाच. तरीही त्या अनेकवचनाची खूण मराठीने जपली आहे. 'एक रत्न' असे सहज म्हणतात, 'एक जवाहीर' असे म्हणत नाहीत. पेटीत भरलेले, मोजून ठेवलेले, लढाईत लुटले गेलेले ते जडजवाहीर. गुणी मुलीला मात्र रत्न म्हणतात. तिला जवाहीर म्हटले तर लोक हसतील. फारसीत जो शब्द सत्त्व सांगत होता त्याच्याकडे मराठीने पेटी सोपविली, आणि सत्त्व 'रत्ना'कडेच ठेवले. दोघांची कामे वेगळी आहेत. एकाला घालविल्याने दुसऱ्याला त्याचे काम करता येणार नाही.

शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडितांनी 'राजव्यवहारकोश' रचला व दरबारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. स्वतंत्र राज्याला आपली भाषा हवी, हा त्यातील विचार योग्यच होता. त्यातील काही शब्द टिकले, काही ग्रंथातच राहिले. 'जवाहीर' मात्र लोकांच्या तोंडून गेला नाही, कारण त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नव्हता.

शिवाय शब्द एकाच दिशेने जात नाहीत. नवरत्नांतील 'वैडूर्य' पालीत 'वेळुरिय' झाले, ग्रीक लोकांनी त्याचे 'बेरिल्लोस' केले, आणि इंग्रजीत ते 'बेरिल' होऊन बसले. जर्मन भाषेत चष्म्याला 'ब्रिल्ले' म्हणतात, तेही याच घराण्यातले. त्या लोकांनी हा शब्द परका म्हणून परत पाठविला असता, तर जर्मनांना चष्म्यासाठी दुसरा शब्द शोधावा लागला असता!

इंग्रजीतील 'जेम' हा शब्द लॅटिन 'जेम्मा'वरून आला. त्याचा मूळ अर्थ झाडाची कळी. भारतीयांनी रत्नात दान पाहिले, इराण्यांनी सत्त्व पाहिले, रोमन शेतकऱ्याला त्यात डोळे उघडणारी कळी दिसली. भाषांतर करताना खडा तेवढा पोहोचतो; ही दृष्टी मात्र मागे राहते.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सरकारने काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांना अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात कोंडले. त्यांत जवाहरलाल नेहरू होते. १९४४ मध्ये त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ येथेच लिहिला. त्यांच्या नावातील 'जवाहर' म्हणजे इराणातून अरबस्तानमार्गे आलेला तोच शब्द. स्वतंत्र भारताने १९५४ मध्ये आपल्या सर्वोच्च सन्मानाला संस्कृत नाव दिले, 'भारतरत्न'. आणि १९५५ मध्ये तो सन्मान जवाहरलालांना मिळाला. त्याच किल्ल्यात त्यांच्याबरोबर बंदीत असलेले गोविंद वल्लभ पंत १९५७ मध्ये भारतरत्न झाले. सरदार पटेलांना १९९१ मध्ये आणि मौलाना आझादांना १९९२ मध्ये तो सन्मान मरणोत्तर देण्यात आला.