पाच विजय, एक पराभव

प्रा. मधु दंडवते यांची निवडणुकीतील कारकीर्द कार्यकर्त्यांनी बारकाईने अभ्यासावी अशी आहे. जन्म १९२४ चा, अहमदनगरचा. व्यवसाय मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवण्याचा. साखर कारखान्याचे वा थैलीशाहीचे पाठबळ नसलेल्या या समाजवादी प्राध्यापकाला कोकणातील राजापूरने १९७१ ते १९८९ या काळात सलग पाच वेळा लोकसभेत धाडले.

१९७७ चा विजय लाटेचा म्हणता येईल. परंतु १९७१, १९८० आणि १९८४ साली देशभर वारे काँग्रेसचे होते. मग राजापूर का ढळले नाही? बॅ. नाथ पै यांनी १९५७ पासून तेथे जोडलेली माणसे हे एक कारण. दुसरे कारण दंडवत्यांच्या आचरणाचे. रेल्वेमंत्री होताच त्यांनी १९७४ च्या संपातील बडतर्फ कामगारांना कामावर परत घेतले, दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या घातल्या. सत्तेत गेलेला माणूसही आपलाच राहतो, हे मतदारांनी अनुभवले.

तरीही १९९१ मध्ये राजापूरने त्यांना पराभूत केले. ज्या कोकण रेल्वेसाठी ते झगडले, तिचे काम तेव्हा सुरू झालेले होते! मतदारांना कृतघ्न म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण नेत्याच्या पुण्याईवर पक्षाला कायम जगता येत नाही. वाडीवाडीतील संघटना प्रत्येक निवडणुकीपूर्वी नव्याने उभी करावी लागते. ते काम नेत्याचे नव्हे, आपले आहे.