सायकल मोटारीला, भार कंबरेला

मधुमेह, वाढलेले वजन आणि गुडघेदुखी या तिन्ही तक्रारी असलेल्या माणसाला सायकलसारखा व्यायाम नाही. शरीराचा बराचसा भार सीटवर राहतो, गुडघ्यांना धक्के बसत नाहीत आणि हृदयाला मात्र भरपूर काम मिळते. अडचण असते ती रस्त्याची. गावाच्या मधून महामार्ग गेलेला, त्यावर मालमोटारींची रांग. साठीच्या माणसाने तेथे सायकल चालवावी तरी कशी? म्हणून हल्ली काही मंडळी मोटारीच्या मागे सायकल लावतात, आठ-दहा किलोमीटरवरच्या कालव्याच्या किंवा धरणाच्या शांत रस्त्यावर जातात आणि तेथे तासभर चालवून परत येतात. ज्यांची मुले अमेरिकेत किंवा युरोपात आहेत, त्यांना तिकडे मुक्कामाला गेल्यावर हा प्रकार अधिकच परिचयाचा होतो. सुटीच्या दिवशी मुलगा, सूनबाई, नातवंडे आणि सगळ्यांच्या सायकली असा लवाजमा घेऊन लांबच्या सायकलमार्गावर जाण्याची तिकडे पद्धतच आहे.

यात गैर काही नाही. परंतु "सायकल सुरू केली आणि कंबर धरली" असे सांगणारे काही जण भेटतात, त्यांची नीट चौकशी केली तर वेगळीच हकीकत बाहेर येते. सायकल चालवताना काहीच झालेले नसते. उसण भरलेली असते ती सायकल उचलून मोटारीला लावताना किंवा उतरवताना! तरीही दोष सायकलच्या माथी जातो. सायकल जिन्याखाली पडून राहते, व्यायाम सुटतो आणि चार-सहा महिन्यांत रक्तातली साखर पुन्हा वर जाते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच.

म्हणून आमचे मत स्पष्टपणे सांगतो. सायकल नेण्याचे रॅक घेताना आधी कंबर पाहावी, मग मोटार पाहावी आणि किंमत सर्वांत शेवटी पाहावी. तीही घरातल्या तरण्याबांड मुलाची कंबर नव्हे, तर जे कोणी ते रॅक वापरणार त्यांतल्या सर्वांत नाजूक माणसाची.

कंबरेचे गणित थोडक्यात समजून घेऊ. मणक्यांच्या मधे लवचीक गाद्या असतात. आपण पुढे वाकून वजन उचलतो तेव्हा या गाद्यांवर केवळ त्या वजनाचा नव्हे, तर तरफेच्या नियमाने त्याच्या कितीतरी पट दाब येतो. वजन अंगापासून जितके लांब, तितका दाब अधिक. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९१ साली वजन उचलण्याचे आपले सूत्र सुधारले. त्यानुसार सगळी परिस्थिती अनुकूल असताना, म्हणजे वजन अंगालगत, मांडीच्या उंचीवर आणि धरायला सोपे असताना, २३ किलो ही मर्यादा धरली आहे. तेच वजन घोट्यांपासून ५० सेंटिमीटर पुढे धरावे लागले, तर मर्यादा निम्म्यावर, म्हणजे साडेअकरा किलोंवर येते. अंग पिळावे लागले तर आणखी खाली.

आता सायकलकडे पाहा. हलकी म्हणून विकली जाणारी गिअरची सायकल १२ ते १५ किलोंची असते. आपली जुनी काळी लोखंडी सायकल २० किलोंच्या आसपास भरते आणि बॅटरीवर चालणारी २० ते ३० किलोंपर्यंत जाते. शिवाय हँडल, पॅडल मधे येतात, त्यामुळे सायकल अंगालगत धरताच येत नाही. म्हणजे साधी सायकलही लांब हातांनी उचलली की ती मर्यादा ओलांडते. मग ती किती उंच उचलावी लागते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

मोटारीला सायकल लावण्याचे मुख्य प्रकार तीन. पहिला टपावरचा. यात सायकल डोक्याच्या वर उचलावी लागते. कंबरेबरोबर खांदाही दुखावण्याची शक्यता असते. चाळिशीनंतर खांद्याचे स्नायूबंध झिजू लागतात, त्यांना हा झटका सोसत नाही. दुसरा प्रकार डिकीच्या दारावर पट्ट्यांनी बांधायचा. हा स्वस्त असल्याने आपल्याकडे अधिक दिसतो. यात सायकल साधारण छातीपर्यंत उचलून, हात लांब करून दांड्यावर अडकवावी लागते. पट्टे सैल झाले तर सायकल हेलकावे खाते, ते वेगळेच. तिसरा प्रकार हिचचा. मोटारीच्या मागे, बंपरच्या खाली, सांगाड्याला पक्का बसवलेला पोलादी जोड म्हणजे हिच. मुळात हा ट्रेलर ओढण्यासाठी असतो. अमेरिकेत तो चौकोनी नळीसारखा असून सव्वा इंच आणि दोन इंच ही त्याची नेहमीची मापे आहेत. युरोपात त्याच्या जागी ५० मिलिमीटरचा गोळा असतो. याच जोडावर सायकलचे रॅक बसते. ते जमिनीपासून फार उंच नसल्यामुळे कंबरेच्या दृष्टीने तिन्हींत हाच प्रकार उजवा.

परंतु हिचच्या रॅकमध्येही दोन जाती आहेत. एकात दोन दांडे बाहेर आलेले असतात आणि त्यांवर सायकल मधल्या नळीने टांगायची असते. हे हलके व स्वस्त असते, पण संपूर्ण सायकल छातीच्या उंचीला धरून अडकवावी लागते. लेडीज सायकलला वरची आडवी नळी नसते, त्यामुळे तिच्यासाठी वेगळी पट्टी जोडावी लागते. दुसऱ्या जातीत चाके ठेवण्याचे पन्हळ असतात. यात आधी पुढचे चाक उचलून पन्हळीत ठेवावे आणि मग मागचे उचलावे. एका वेळी सायकलचा साधारण अर्धाच भार हातावर येतो. काही रॅकना सायकल ढकलत वर नेण्यासाठी उतरती पट्टी मिळते, मग उचलणे जवळजवळ संपतेच. पन्नाशी ओलांडलेल्यांनी, तसेच ज्यांना पूर्वी कंबरेचा त्रास झाला आहे त्यांनी, पन्हळीचेच घ्यावे. जास्तीचे पैसे लागतात हे खरे, पण पाठीच्या दुखण्यात मोडणारे दिवस त्याहून महाग पडतात.

यानंतर मोटारीचा विचार. हिचवर उभा भार किती चालेल, हे मोटारीच्या माहितीपुस्तकात दिलेले असते. युरोपातील अनेक मोटारींना ही मर्यादा ७५ किलोंच्या आसपास असते. यात रॅकचे स्वतःचे वजनही धरायचे असते, हे लोक विसरतात. समजा रॅक २० किलोंचे आहे आणि त्यावर प्रत्येकी २५ किलोंच्या दोन बॅटरीच्या सायकली आहेत. झाले ७० किलो. तिसरी साधी सायकल चढवली की मर्यादा गेली! रॅकवरही एका सायकलचे कमाल वजन लिहिलेले असते, तेही पाहावे. बॅटरी, पाण्याची बाटली, टोपली, कुलूप काढून मोटारीत ठेवले तर तीन-चार किलो सहज कमी होतात. कंबरेलाही तेवढीच सवलत.

आपल्याकडच्या बहुतेक लहान मोटारींना असा हिच कंपनीकडून बसवून येत नाही. मग कोणी वेल्डिंगच्या दुकानात जाऊन लोखंडी पट्टी जोडून घेतो, तर कोणी मोटार ओढण्याच्या कडीलाच रॅक अडकवायला निघतो. दोन्ही धोक्याचे आहे. ती कडी बंद पडलेली मोटार ओढण्यासाठी असते, वजन पेलण्यासाठी नाही. नोंदणीतील तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ मधील ५२व्या कलमाने बंदी आहे. म्हणून काहीही बसवण्यापूर्वी कंपनीच्या अधिकृत केंद्रात आणि आर.टी.ओ. कार्यालयात विचारून घ्यावे. क्रमांकाची पाटी किंवा मागचे दिवे सायकलीने झाकले जाता कामा नयेत. पहाटेच्या अंधारात मागचा दिवा दिसला नाही, तर मागून येणाऱ्याला दोष देऊन काय उपयोग? धुराच्या नळीसमोर टायर येणार नाही हेही पाहावे. तेथील उष्णतेने टायर खराब होतो.

आता प्रत्यक्ष वापर. रात्रभर आडवे राहिल्याने मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. त्यामुळे उठल्यानंतरच्या पहिल्या तासात वाकून वजन उचलले तर त्यांच्यावर ताण अधिक येतो. आपली सायकलची मंडळी नेमकी पहाटे पाचला उठतात आणि सव्वापाचला सायकल उचलतात! त्यापेक्षा आदल्या संध्याकाळीच सायकल लावून ठेवावी. गाडी अंगणात सुरक्षित नसेल तर उठल्यावर तासभर जाऊ द्यावा. मोटारीत अर्धा-पाऊण तास बसून आल्यावरही लगेच सायकल उतरवू नये, पाच मिनिटे चालावे. व्यायाम झाल्यावर घाम जिरू द्यावा, पाणी प्यावे आणि मगच सायकल चढवावी. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम वाकून उठल्यावर चक्कर येऊ शकते, त्यांनी तर घाई करूच नये.

उचलताना मोटारीच्या अगदी जवळ उभे राहावे. पाय अंतरावर ठेवावेत, गुडघे वाकवावेत, सायकल शक्य तितकी अंगाशी घ्यावी. कंबरेतून वळू नये, पावले टाकून वळावे. जड सायकल आधी, मोटारीच्या बाजूच्या पन्हळीत ठेवावी. हलकी बाहेरच्या बाजूला. आतल्या पन्हळीपर्यंत वाकून हात लांब करावा लागतो, म्हणून हे काम दोघांनी मिळून करावे. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपल्याकडच्या पुरुषमंडळींना मदत मागण्यात कमीपणा वाटतो. नातवादेखत आजोबा एकट्याने सायकल उचलून दाखवतात आणि पुढचे आठ दिवस आजीला शेक द्यायला बसवतात. दोघांनी उचललेल्या सायकलला कोणी नावे ठेवत नाही.

पट्टे व कुलपे लावल्यावर सायकल हाताने हलवून पाहावी. दहा मिनिटे गाडी चालवल्यावर थांबून पुन्हा तपासावे. गतिरोधकावरून सावकाश जावे. रॅक रिकामे असताना त्याचे टोक नडगीच्या उंचीवर बाहेर आलेले असते, अंधारात त्यावर पाय आपटून जखमा होतात. मधुमेह्यांच्या पायाची जखम लवकर भरत नाही, म्हणून काम झाले की रॅक दुमडावे किंवा काढून ठेवावे.

काहींनी मात्र सायकल उचलूच नये. हर्निया असलेले, मोतीबिंदूची किंवा पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेले, बायपासनंतर छातीचे हाड अजून सांधत असलेले, तसेच हाडे ठिसूळ झालेल्या वयस्क स्त्रिया या सर्वांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे. सायकल चालवायला तरी केव्हा सुरुवात करावी, हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

इतके करूनही उसण भरली, तर घाबरू नये. बहुतेकांची कंबर काही आठवड्यांत बरी होते. शेक घ्यावा, फार तर एक-दोन दिवस विश्रांती घ्यावी आणि मग हळूहळू हिंडूफिरू लागावे. आठवडाभर अंथरुणाला खिळून राहण्याचा जुना सल्ला आता मागे पडला आहे. मात्र पाय लुळा पडू लागला, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरता आली, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठावे. तेथे शेक आणि मालीश करत बसणे म्हणजे कायमचे अपंगत्व ओढवून घेणे आहे.

ज्यांच्या दारापासून शांत रस्ता सुरू होतो, त्यांनी रॅकच्या भानगडीत न पडता घरापासूनच पॅडल मारावे. ते सर्वांत उत्तम. ज्यांना महामार्ग आडवा येतो, त्यांनी रॅक जरूर घ्यावे. फक्त दुकानात गेल्यावर "किती सायकली बसतात?" असे विचारण्याआधी "किती उचलावे लागते?" एवढे विचारावे. आरोग्यासाठी विकत घेतलेली सायकल आरोग्याच्याच मुळावर येऊ नये, यासाठी हा एक प्रश्न पुष्कळ काम करील.